पहिली एमओटी: आधी काय बघून ठेवाल

एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाडीची सक्तीची तपासणी. तारीख आधी बघा. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये नव्या गाडीला 3 वर्षं झाली की पहिली एमओटी. नंतर दरवर्षी मुदतीच्या महिनाभर आधी (एक दिवस वजा) केली तरी पुढची तारीख तीच राहते. म्हणजे 15 मेला संपत असेल तर 16 एप्रिलपासून कधीही. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. गाडी नापास झाली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

बऱ्याच गाड्या नापास होतात त्या किरकोळ गोष्टींवर. नंबरप्लेटवरचा दिवा गेलेला असतो, काच धुण्याच्या पाण्याची टाकी कोरडी असते. कुणालातरी मागे उभं करून ब्रेकलाइट बघायला सांगा. डॅशबोर्डवर इंजिनाचा किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जळत राहिला, तरी नापासच.

टायरला मात्र वेळ द्या. मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण गोलाईभर किमान 1.6 मिमी खाच हवी. 20 पेन्सचं नाणं खाचेत उभं धरा. नाण्याची बाहेरची कड दिसली तर खाच मोजून घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली बाजूही तपासा. व्हील अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) बिघडलं की झीज बऱ्याचदा तिथे होते आणि समोरून टायर नवाकोरा दिसतो.

कारच्या तपासणीला 54.85 पौंडांहून जास्त घेता येत नाहीत. 'अ‍ॅडव्हायजरी' म्हणजे पुढे लक्ष ठेवायच्या गोष्टींची नोंद; ती नापास नव्हे, पण तो कागद फेकू नका.