पहिल्यांदाच टीम हाती आली आहे. नेतृत्व, टीमबांधणी आणि स्वतःची प्रेरणा यांसाठी कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही लिहिलंय की सात जणांची टीम नव्याने हाती आली आहे, काही जण जुने आहेत, काही नवे, आणि दिवस संपेपर्यंत तुमचा स्वतःचा उत्साहही टिकत नाही. या सगळ्याला मिळून सहा-सात पुस्तकं पुरतात. पंचवीस पुस्तकांच्या याद्या कुठेही मिळतील, पण त्या वाचून होईपर्यंत टीममधले निम्मे लोक राजीनामा देऊन गेलेले असतील.

पहिलं पुस्तक अँड्र्यू ग्रोव्ह यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’. १९८३ सालचं आहे, इंटेलच्या कारखान्यांत घडलेल्या माणसाने लिहिलेलं, त्यामुळे उपदेश कमी आणि हिशेब जास्त. सुरुवातच नाश्त्याच्या उदाहरणाने होते: तीन मिनिटं उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी, तिन्ही गिऱ्हाइकापुढे एकाच वेळी गरम यायला हवं. जास्त वेळ अंड्याला लागतो, म्हणून बाकी सगळ्याची वेळ अंड्यावरून मागे मोजायची. हे वाचून झालं की आपल्या कामातलं ‘अंडं’ शोधा. बहुतेक ठिकाणी ते कुणाच्या तरी मंजुरीत किंवा तपासणीत अडकलेलं असतं, आणि नव्या टीम लीडरच्या बाबतीत पुष्कळदा तो स्वतःच अंडं असतो. सगळ्यात झटपट काम करणारा म्हणून त्याला बढती मिळालेली असते, म्हणून अवघड कामं तो स्वतःकडेच ठेवतो आणि बाकीचे त्याच्या दाराशी रांग लावतात. ग्रोव्ह यांचा हिशेब उलटा आहे: टीमचं आणि तुमचा प्रभाव पोचतो त्या शेजारच्या टीमांचं काम मिळून जेवढं होईल, तेवढं तुमचं काम.

याच पुस्तकातलं वन-ऑन-वनचं, म्हणजे टीममधल्या एकेकाशी ठरवून केलेल्या भेटीचं, प्रकरण दोनदा वाचा. भेट किमान एक तासाची, आणि विषयांची यादी समोरच्याने आणायची. अर्ध्या तासात माणूस फक्त चटकन सुटणारे प्रश्न काढतो, पोटातलं काढत नाही. खरं दुखणं शेवटच्या पाच मिनिटांत, उठता उठता बाहेर येतं, तेव्हा त्यानंतर लगेच दुसरी मीटिंग लावू नका. दोघांनीही मधल्या काळात सुचलेले, तातडीचे नसलेले मुद्दे एका कागदावर साठवून ठेवायचे, म्हणजे दिवसातून दहा वेळा एकमेकांना थांबवावं लागत नाही.

सात जणांना दर आठवड्याला एकेक तास म्हणजे सात तास, हे ऐकून घाम फुटतो. पण सगळ्यांना एकच माप लावायचं नसतं. समजा तिघे त्या कामात नवे आहेत, त्यांना दर आठवड्याला भेटा; चौघे मुरलेले, त्यांना पंधरा दिवसांनी. सरासरी आठवड्याला पाच तास होतात. ‘त्या कामात’ हे शब्द महत्त्वाचे. दहा वर्षं उत्तम डिझाइन करणारा माणूस ग्राहकाशी वाटाघाटी पहिल्यांदाच करत असेल, तर त्या कामापुरता तो नवखाच. त्याला ‘तू अनुभवी आहेस, बघ तुझं तू’ म्हणणं हा विश्वास नव्हे, त्याला वाऱ्यावर सोडणं आहे.

या भेटी फसतात त्या दोन कारणांनी. एक, त्यांचा ‘काम कुठवर आलं’ असा अहवाल होतो. तो आधी लेखी मागवा. दुसरं, कामाचा ताण वाढला की सगळ्यात आधी याच भेटी रद्द होतात, आणि तीन वेळा रद्द झाल्या की समोरचा यादी आणणं बंद करतो.

नेतृत्वावर दुसरं पुस्तक सुचवेन ते डेव्हिड मार्के यांचं ‘टर्न द शिप अराउंड’. लेखक अमेरिकी नौदलाच्या ‘सांता फे’ या अणुपाणबुडीचे माजी कॅप्टन. एका सरावात त्यांनी वेगाचा असा हुकूम दिला जो त्या पाणबुडीच्या पर्यायी मोटरवर अस्तित्वातच नव्हता. हाताखालच्या अनुभवी अधिकाऱ्याला ते ठाऊक होतं, तरी त्याने हुकूम जसाच्या तसा पुढे पाठवला. कारण काय, तर तुम्ही सांगितलंत म्हणून. तिथून त्यांनी भाषा बदलली. ‘काय करू?’ असं न विचारता अधिकाऱ्याने ‘मी अमुक करणार आहे’ असं कारणांसह म्हणायचं, आणि कॅप्टनने होकार द्यायचा. ही पद्धत उचलताना एक चूक हमखास होते: माणसाला पुरेशी माहिती आणि कौशल्य न देताच अधिकार दिला जातो. मार्के या दोन्ही गोष्टींवर बरीच पानं घालवतात. ती पानं गाळू नका.

टीमबांधणीसाठी सगळे पॅट्रिक लेन्सिओनी यांचं ‘द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम’ (२००२) सांगतील. वाचा, दोन संध्याकाळींत होतं. फक्त ही रचलेली गोष्ट आहे, त्यातली कंपनी काल्पनिक आहे, हे लक्षात असू द्या. उपयोगाचा आहे तो क्रम: विश्वास नाही म्हणून वाद टाळले जातात, वाद झाला नाही म्हणून निर्णय कुणालाच आपला वाटत नाही, मग कुणी कुणाला जाब विचारत नाही, आणि शेवटी टीमच्या निकालापेक्षा ज्याचं त्याला पडलेलं असतं. डेडलाइन चुकते तेव्हा आपण चौथ्या पायरीवर, जाब विचारण्यावर, तुटून पडतो. आधी मागच्या तीन निर्णयांच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी उघड विरोध केला होता का, ते आठवून पाहा. कुणीच केला नसेल तर दुखणं तिथे आहे. दिवसभराची सहल आणि दोऱ्या ओढण्याचे खेळ याने ते बरं होत नाही.

विश्वासाचा मुद्दा पुराव्यानिशी हवा असेल तर एमी एडमंडसन यांचं ‘द फिअरलेस ऑर्गनायझेशन’. इस्पितळातल्या टीमांचा अभ्यास करताना चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. पुढे उलगडा झाला तो असा की तिथे लोक चुका लपवत नव्हते. तेव्हा महिनाभर एकही वाईट बातमी तुमच्यापर्यंत आली नाही, तर खूश होऊ नका. आणि आली की पहिलं वाक्य काय बोलता त्यावर पुढची बातमी येणार की नाही ते ठरतं. ‘आधी का नाही सांगितलं?’ हे वाक्य महिन्यांची मेहनत घालवतं.

जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टु ग्रेट’ (२००१) सध्या बाजूला ठेवा. ते कंपनी चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातल्या अकरा आदर्श कंपन्यांपैकी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांची अमेरिकी कंपनी सरकारी ताब्यात गेली. कधी वाचलंतच तर फिल रोझेन्झ्वाइग यांचं ‘द हॅलो इफेक्ट’ सोबत घ्या; यश आधी दिसतं आणि कारणं मागून चिकटवली जातात, हे त्यात नीट उकलून दाखवलंय.

आता तुमच्या स्वतःच्या उत्साहाचं. ‘थिंक अँड ग्रो रिच’वाल्या नेपोलियन हिल छापाची पुस्तकं वाचून रात्री स्फुरण चढतं, सकाळी उतरतं. त्यापेक्षा तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांचं ‘द प्रोग्रेस प्रिन्सिपल’ वाचा. २३८ कर्मचाऱ्यांच्या जवळपास १२,००० रोजनिशी-नोंदी त्यांनी तपासल्या, आणि चांगल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा आढळलेली गोष्ट निघाली ती अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना झालेली प्रगती. मॅनेजर झाल्यावर ती दिसेनाशी होते, कारण हाती काही बनवलेलं उरत नाही. म्हणून संध्याकाळी दोन ओळी लिहायच्या: आज काय पुढे सरकलं, काय अडलं. दुसरी ओळ उद्याच्या कामाची यादी ठरवते.

सवय लावायला बीजे फॉग यांचं ‘टायनी हॅबिट्स’. ‘सकाळी वाचेन’ असं ठरवलेलं टिकत नाही, कारण सकाळ ही ठरावीक खूण नव्हे. ‘लॅपटॉप उघडला की मेल पाहण्याआधी आजच्या अवघड कामाची एक ओळ लिहीन’, हे टिकतं. तिसऱ्याच दिवशी एका ओळीचं एक पान करायचा मोह होतो आणि तिथेच सवय मोडते. जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ आधीच वाचलं असेल तर हे नाही वाचलं तरी चालेल. दोन्हींची गरज नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात जुनं: पीटर ड्रकर यांचं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’, साठच्या दशकातलं. त्यातलं वेळेचं प्रकरण वाचून लगेच नोंदवही सुरू करा. सलग तीन-चार आठवडे, वर्षातून दोनदा. नोंद त्या-त्या वेळीच करायची. रात्री आठवून लिहिलेली नोंद खोटी निघते, आपण महत्त्वाच्या कामाला जास्त वेळ दिला असंच आठवतं. मग प्रत्येक कामाला विचारायचं: हे केलंच नाही तर काय बिघडेल? हे दुसरं कुणी करू शकेल का? तिसरा प्रश्न टीमला: माझ्या कोणत्या गोष्टीने तुमचा वेळ वाया जातो? हा सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये विचारलात तर सगळे ‘कशानेच नाही’ म्हणतील. वन-ऑन-वनमध्ये, एकच ठरावीक मीटिंग किंवा एकच रिपोर्ट पुढे ठेवून विचारा, ‘हा बंद केला तर तुझं काय अडेल?’ असं.