अस्थी कपाटात आहेत फादर, आता काय करू?

वाचक विचारतात : नोव्हेंबर २०२१

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं परत उघडली आणि तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज इतके आलेत की सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. त्यातलं एक पत्र मला बाजूला ठेवताच आलं नाही, म्हणून या वेळची जास्त जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : फादर, माझे पप्पा एप्रिलमध्ये कोविडने गेले. हॉस्पिटलमधून परस्पर स्मशानात नेलं, विद्युतदाहिनीत, आम्हाला चेहरासुद्धा दिसला नाही. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) नाही, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी भावाच्या हातात मडकं दिलं, ते कापडात बांधून घरातल्या आल्तारखालच्या, म्हणजे देव्हाऱ्याखालच्या, कपाटात ठेवलंय त्याला आता सहा महिने झाले. काकी म्हणते अग्नी दिला म्हणजे ख्रिस्ती मरण झालंच नाही. भाऊ म्हणतो समुद्रात सोडू आणि मोकळं होऊ. मला रात्र रात्र झोप नाही. – एक मुलगी, नालासोपारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी काकींचं बोलणं घेतो, कारण तेच काट्यासारखं रुतून बसलंय असं दिसतंय. ते खरं नाही. दहनाला चर्चने १९६३ सालीच परवानगी दिली आहे, फक्त कोणी पुनरुत्थानावरची श्रद्धा नाकारायची म्हणून मुद्दाम दहन निवडत असेल तरच ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जातो. तुमच्या पप्पांनी कुठे काय निवडलं होतं? चर्चची पसंती दफनालाच आहे हे बरोबर, प्रभूलाही थडग्यातच ठेवलं होतं, आणि आपल्याकडे वसईत पिढ्यान्‌पिढ्या माती द्यायची रीत असल्यामुळे काकींच्या जिवाला ते लागलं असणार, त्यांच्यावर रागावू नका. तुम्हाला आठवत असेल, ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि काही तासांत मागे घेतलं. म्हणजे दफनाला बंदी नव्हती. पण गेल्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी धावणाऱ्या घरात नियम कोण वाचत बसणार होतं, समोरचा सांगेल तिथे सही केली लोकांनी. तुमच्या भावाने सही केली असेल तर त्याचा दोष त्याच्या माथी मारू नका आणि तुमच्याही नको.

आता तैलाभ्यंगाचं. २० मार्च २०२० ला, आपल्याकडे लॉकडाऊन लागायच्याही आधी, रोमहून एक फर्मान निघालं होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की ज्याला मरताना तैलाभ्यंग आणि शेवटचं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर, मिळू शकत नाही, पण ज्याच्या मनाची तयारी आहे आणि जो आयुष्यात प्रार्थना करत आला, त्याला मरणाच्या क्षणी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांसाठी भोगायच्या उरलेल्या शिक्षेची माफी, मिळते, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) वगैरे नेहमीच्या तीन अटींची भरपाई चर्च स्वतः करते. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की पप्पा रोज संध्याकाळी दिवा लावून सगळ्यांना रोझरीला बसवायचे, तुमचा अभ्यास असला तरी सोडायचे नाहीत. मग ताई, हे फर्मान अशाच माणसासाठी काढलेलं आहे. फादर पोचले नाहीत म्हणून पप्पा एकटे गेले असं समजू नका, सगळी चर्च त्यांच्या पलंगापाशी होती.

मला माझंही सांगावंसं वाटतं. त्या एप्रिलमध्ये एका घरच्या मुलाने स्मशानाच्या गेटबाहेरून मला फोन लावला, स्पीकर ऑन केला, मी इकडे स्टोल घालून पास्काची मेणबत्ती पेटवून प्रार्थना म्हणत होतो आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अर्ध्यावर असताना रेंज गेली. परत फोन लागला तेव्हा तो मुलगा एवढंच बोलला, फादर, उरलेलं मी म्हटलं. त्या दिवसानंतर ती प्रार्थना म्हणताना त्या ठिकाणी माझा आवाज अडकतो. असे किती जण असतील ज्यांनी उरलेलं एकट्याने म्हटलं. ते ऋण धर्मग्रामावर, म्हणजे पॅरिशवर, आहे असं मी मानतो आणि ते आता फेडायला हवं.

म्हणून अस्थींचं. समुद्रात नको आणि कपाटातही नको. २०१६ ला रोमने याबद्दल सूचना काढल्या, अस्थी पवित्र जागी, सिमेटरीत किंवा चर्चने ठरवून दिलेल्या ठिकाणी ठेवायच्या, पाण्यात किंवा वाऱ्यावर सोडायच्या नाहीत, भावंडांत वाटून घ्यायच्या नाहीत, आणि घरी ठेवायच्या नाहीत. घरी का नाही, हे लोक मला नेहमी विचारतात. गेलेला माणूस फक्त तुमचा नसतो, तो अख्ख्या धर्मग्रामाचा असतो, येणारा-जाणारा त्याच्या कबरीपाशी थांबून एक नमो मरिया म्हणतो, कपाटापाशी कोण थांबणार? आणि उद्या तुमची पिढी गेली की त्या मडक्यात कोण आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसेल. सिमेटरीत घरच्यांची कबर असेल, आजी-आजोबांची, तर तिथेच जागा करता येते, नसेल तर तुमच्या फादरांशी बोला, अस्थी ठेवतानाच्या वेगळ्या प्रार्थना विधीत आहेत, पवित्र पाणी, धूप, सगळं होतं. त्याआधी देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पप्पांसाठी रीतसर मिस्सा लावा, सहा महिने झाले म्हणून आता उशीर झाला असं काही नसतं. सगळ्या नातेवाईकांना बोलवा, काकींना पहिल्या बाकावर बसवा. आणि कोणी मडक्यातून कोरोना होईल म्हणून हात लावायला घाबरत असेल तर त्याला सांगा, राखेपासून काही धोका नाही हे केंद्राच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्येच लिहून दिलेलं आहे.

एरवी १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत सिमेटरीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की त्यांच्यासाठी पूर्ण दंडमाफी मिळवता येते. गर्दी नको म्हणून गेल्या वर्षी, २०२० मध्ये, ती मुदत पूर्ण महिनाभर केली होती आणि यंदा, २०२१ मध्येही, तशीच ठेवली आहे. म्हणजे तुमच्याकडे ३० तारखेपर्यंत वेळ आहे, कन्फेशन, कम्युनियन आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना एवढं मात्र करा. मला एक फोन करा, तुमचे फादर बिझी असतील तर मी येतो.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये फोनवर कन्फेशन केलं होतं, चाललं का? – वसई

उत्तर : नाही, फोनवर पापक्षमा होत नाही, त्यासाठी समोरासमोर यावंच लागतं. पण घाबरू नका, मनापासून, देवावरच्या प्रेमापोटी पश्चात्ताप केला असेल आणि जमेल तेव्हा लगेच कन्फेशनला जायचं ठरवलं असेल तर देवाने तेव्हाच क्षमा केलेली आहे, चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, कॅटेकिझममध्ये, तसं लिहिलंय. आता देऊळ उघडलंय तर या.

प्रश्न : जिभेवर न घेता हातात कम्युनियन घेणं म्हणजे अनादर नाही का? आमच्या आजीला पटत नाही. – नायगाव

उत्तर : अजिबात नाही. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल शिकवायचे की डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरा, कारण राजा येणार आहे. आजीला हे वाचून दाखवा आणि तसे हात धरून दाखवा. फक्त सॅनिटायझर आधी पूर्ण वाळू दे, आणि भाकरीचा कण तळहातावर राहिला का ते बघा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, दोन्ही डोस झालेत, तरी देवळात यायला तयार नाही. रविवारी मोबाईलवर मिस्सा बघते आणि म्हणते माझी झाली. तिला पाप लागतं का? आणि तिला कसं आणू? – विरार

उत्तर : पापाचं आधी मिटवून टाकू. वयस्कर, आजारी, किंवा ज्यांना खरंच भीती आहे त्यांच्यावर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही, कोविड नव्हता तेव्हाही नव्हतं. मोबाईलवरच्या मिस्सेला मी कमी लेखणार नाही, २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात एकटे चालत गेले ते आपण मोबाईलवरच बघितलं आणि कितीतरी घरांत लोक गुडघ्यांवर आले. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानला संत चार्ल्स बोरोमियोंनी चौकाचौकांत वेद्या उभ्या केल्या होत्या, म्हणजे घरात अडकलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा दिसावी. आपल्या आईची खिडकी हातात मावते एवढाच फरक. पण प्लेग ओसरला की खिडकीतून खाली यायचं असतं, कारण स्क्रीनवर ख्रिस्तशरीर मिळत नाही, ते हातात घ्यावं लागतं. तोपर्यंत तिला घरी कम्युनियन आणून द्यायची व्यवस्था करा, पॅरिशमध्ये नाव दिलं की कोणीतरी येतं.

कसं आणू म्हणता, तर आधी एक विचारा. देवळात तिच्या शेजारी कोण बसायचं? मी हा प्रश्न एका घरी विचारला तेव्हा ती बाई रडायलाच लागली, चाळीस वर्षं ज्या मैत्रिणीबरोबर ती एकाच बाकावर बसली ती मे महिन्यात गेली होती आणि ती रिकामी जागा बघायची तिची हिंमत होत नव्हती, घरचे मात्र कोरोनाची भीती म्हणून तिला आकडे समजावत बसले होते. तुमच्या आईचं तसंच असेल असं नाही, पण विचारून बघा. आणि आणायचं ठरलं तर पहिल्यांदा रविवारी नको, मधल्या वारी सकाळच्या मिस्सेला आणा, दहा-पंधरा माणसं असतात, खिडक्या उघड्या असतात. तिला नेहमीच्या बाकावर बसू दे, तुम्ही दुसऱ्या बाजूला बसा, अशी कोणी मैत्रीण असेल तर तिची जागा त्या दिवशी तशीच मोकळी असू दे. मिस्सा झाल्यावर तिला घाई करू नका, बसायचं तेवढा वेळ बसू दे.