पेपर नको, बाक बदल

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल खंडेराव मार्केटात तुझी आई भेटली. बायोफिजिक्सच्या पहिल्या इंटर्नलमध्ये ३० पैकी ११ आले, तू दोन दिवस धड जेवली नाहीस आणि आता पेपर बदलून घ्यायचा म्हणतेस, असं तिने सांगितलं. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो मावशी, बरं मावशी’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोनदा वाच.

वर्गातल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुली एन्झाइमांची नावं धडाधड सांगतात आणि तुला, फिजिक्सच्या मुलीला, त्यांच्यापुढे अडाण्यासारखं वाटतं, हे कळलं. त्याच मुली फळ्यावर लॉगॅरिदम आला की पेन खाली ठेवतात, हे पाहिलंस का? मी इतकी वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं हाच पेपर शिकवला. दर वर्षी वर्ग तसाच बसायचा. एका बाजूला फिजिक्सवाले, दुसऱ्या बाजूला जीवशास्त्राकडून आलेले, मधे चालायची वाट. दोन्हीकडे एकच समज, की पलीकडच्यांना सगळं येतं. जी मुलं ती वाट ओलांडून पलीकडे जाऊन बसली, त्यांना हा विषय आला. माझं म्हणणं एवढंच आहे. पेपर बदलू नकोस, बाक बदल.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी शिकत असताना प्रॅक्टिकलला जोड्या लावल्या तेव्हा माझ्या वाट्याला प्राणिशास्त्राची एक मुलगी आली आणि मी मनातून खट्टू झाले. आम्हाला ब्राउनियन गतीचा, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी बारीक कण थरथरतात त्याचा, प्रयोग होता. दुधाचा थेंब पाण्यात पातळ करायचा, स्लाइडवर घ्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपच्या ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली स्निग्धाचा एक कण धरून दर ३० सेकंदांनी तो कुठे आहे ते टिपायचं. किती सरकला त्याचा वर्ग करायचा, सरासरी काढायची, तीत कणाची त्रिज्या, पाण्याची चिकटाई आणि तापमान घातलं की बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांना जोडणारा आकडा, हाती येतो. आइन्स्टाइनचं १९०५ चं सूत्र. फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँने त्यानंतर तीन-चार वर्षांत राळेच्या कणांवर नेमकं हेच केलं होतं, तेही ३० सेकंदांच्याच अंतराने, आणि त्यानंतर अणू खरे आहेत की नाहीत हा वादच मिटला. एवढं सगळं मला पाठ होतं. पहिल्या दिवशी तासभर डोळा लावून आकडे घेतले आणि स्थिरांक आला पुस्तकातल्याच्या सातपट. मी गणित तीनदा तपासलं. त्यात चूक नव्हती.

ती मुलगी आयपीसमधून नुसती बघत बसली होती. म्हणाली, “अगं, हे सगळे एकाच दिशेला चाललेत. आपापले नाचत नाहीयेत, वाहतायत.” मी एकाच कणाच्या मागे होते, बाकीच्यांकडे मी पाहिलंच नव्हतं. दिव्याची ऊब आणि कव्हरस्लिपच्या कडेने सुकणारं पाणी, यांनी सगळा थेंबच हळूहळू सरकत होता. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून व्हॅसलीनची डबी काढली, काडीच्या टोकाने कव्हरस्लिपच्या चारही कडा लिंपल्या, दिवा मंद केला आणि दहा मिनिटं मला आकडा घेऊ दिला नाही. मग पाहिलं तर प्रत्येक कण जागच्या जागी थरथरत होता, शेजारच्याशी काही संबंध नसल्यासारखा. त्या दिवशी उत्तर दीडपट आलं. उरलेली चूक त्रिज्येची, कारण एक मायक्रॉनच्या कणाची कड धूसर दिसते आणि आम्ही ती मोठी मोजली होती. त्रिज्या मोजायची नेमकी रीत मी तिला समजावली, आणि बघावं कसं ते मी तिच्याकडून शिकले. नंतर नर्न्स्टच्या समीकरणाच्या वेळीही तेच, म्हणजे पेशीच्या आतबाहेरच्या आयनांवरून व्होल्टेज काढतात त्या. सूत्र मला येत होतं, पण पोटॅशियम पेशीच्या आत जास्त की बाहेर हे मी दर वेळी विसरायचे. तिला ते झोपेतही ठाऊक, पण लॉगची धास्ती. आत १४० मिलिमोलर, बाहेर ५, शरीराचं तापमान, मग ६१ गुणिले २८ चा लॉग, म्हणजे उणे ८९ मिलिव्होल्टच्या आसपास. आम्ही दोघींनी मिळून ते एका कागदावर केलं. पेशी प्रत्यक्षात उणे ७० च्या आसपास का थांबते, तर सोडियम थोडं थोडं आत झिरपतं म्हणून, हे सांगणारी तीच.

आता अभ्यासाचं. तू म्हणशील, नावांचं काय करू? सगळी पाठ करायला जाऊ नकोस, मोडून पडशील. वीस अमिनो आम्लं आहेत ना, त्यांना फिजिक्सच्या नजरेने बघ. ऋण भाराची दोन, धन भाराची लायसिन आणि आर्जिनिन, त्यांच्या जोडीला अर्धवट हिस्टिडिन. काही पाण्याला चिकटणारी, काही पाण्यापासून पळणारी. प्रथिनाची घडी पडते ती बरीचशी या पळापळीने. भार आणि पाणी हे तर तुझ्या घरचंच आहे. पाण्यात दोन भारांमधलं बळ जवळजवळ ८० पटीने कमी होतं, हे तू पहिल्या वर्षालाच शिकलीस. फक्त ते इथे वापरायचं असतं हे कोणी सांगितलं नाही.

रामचंद्रन नकाशा तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच. मुलं त्याला घाबरतात, मला त्याचं नेहमी आश्चर्य वाटतं. १९६३ साली मद्रासला बसून रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढंच विचारलं, की अणू हे कडक गोळे धरले आणि प्रथिनाच्या साखळीतले दोन कोन फिरवले, तर कुठे गोळे एकमेकांवर आदळतात? आदळले तर तो कोन बाद. नकाशाचा बहुतेक भाग असा बाद होतो आणि जे तुकडे उरतात तिथेच हेलिक्स आणि शीट, म्हणजे प्रथिनाचे पीळ आणि पट्टे, सापडतात. यात शाळेतल्या भूमितीपलीकडचं काही नाही. पुठ्ठ्याचे दोन तुकडे टाचणीवर फिरवून बघ, दहा मिनिटांत हाताला कळेल.

वहीचं शेवटचं पान मात्र आजच मोकळं कर आणि त्यावर फक्त आकडे लिही. खोलीच्या तापमानाला केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) म्हणजे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, हा सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. पेशीतलं प्रत्येक काम या धक्क्यांच्या गर्दीत चालतं, म्हणून प्रत्येक आकडा आधी याच्याशी ताडून बघायचा. एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, एका रेणूतून साधारण २० केटी मिळतात. कायनेसिन नावाचं प्रथिन ओझं ओढताना एका एटीपीवर ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकतं आणि ६ पिकोन्यूटनपर्यंत ओढू शकतं. गुणाकार कर, ४८ येतो. २० गुणिले ४.१, म्हणजे मिळालेल्या ८२ मधले ४८ कामाला लागले. आता मला सांग, कायनेसिन हे नाव तू विसरशील का?

आणि पेशीला असं ओझेवालं लागतंच का, हाही आकड्याचाच प्रश्न आहे. ग्लुकोजसारख्या रेणूला नुसतं भरकटत पेशीभर, म्हणजे १० मायक्रॉन जायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात ठेव आणि तोच हिशेब एक मीटरला कर. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस तेवढी असते. उत्तर येतं पंचवीसएक वर्षं. तू अजून तेवढी मोठीही नाहीस. म्हणून पेशीने रूळ टाकले, हमाल ठेवले, आणि त्यांच्यामुळे माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर जातो. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं होतं.

त्याच पानावर पेशीच्या पडद्याचाही हिशेब मांड. ७० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण पडदा जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. भागाकार केलास तर मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत मीटरला ३० लाखांवर ठिणगी पडते.

परीक्षेत डेरिव्हेशन अर्धवट राहिलं तरी चालेल, पण शेवटी उत्तर किती आणि ते पेशीला परवडतं का, या दोन ओळी लिहीत जा. पेपर तपासताना मी तरी त्या आधी शोधायचे. आणि जर्नल फेअर करताना चुकलेला प्रयोग गाळू नकोस. व्हायवाला सगळ्यात जास्त बोलायला तिथेच मिळतं.

वेंकी रामकृष्णन यांचं नाव तुला कोणी ना कोणी ऐकवलंच असेल, बडोद्यात ते चुकत नाही. त्यांनी १९७१ ला इथूनच फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, २००९ साली पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी नोबेल वाटून घेतलं, हे सगळे सांगतात. मला त्यातला मधला भाग मोठा वाटतो. १९७६ ला अमेरिकेत फिजिक्सची पीएच.डी. झाली, आणि त्यानंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. वडील इथेच बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख होते, म्हणजे विषय घरात होता, तरीही तो पहिल्यापासून शिकावा लागलाच. हातात डॉक्टरेट असलेल्या माणसाला शेजारच्या पोरांपेक्षा कमी येतं, हे त्यांनी रोज सोसलं असणार. तुझा तर पहिलाच इंटर्नल आहे.

पेपर बदलायचा फॉर्म तू आणून ठेवला आहेस, असं आई म्हणाली. तो भरू नकोस. सोमवारी वर्गात त्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलींपैकी एकीजवळ जाऊन बस आणि म्हण, मला नावं सांग, मी तुला लॉग शिकवते. ती नाही म्हणणार नाही, तिलाही ११ च्याच आसपास असतील.

रविवारी दुपारी तिला घेऊन घरी ये. माझा जुना मायक्रोस्कोप अजून चांगला चालतो. येताना होमोजिनाइज्ड लिहिलेली दुधाची पिशवी आण, सुट्या दुधात कण मोठे असतात, ते फारसे हलत नाहीत. आयपीसमधली पट्टी आधी मोजून घ्यावी लागेल, त्याला अर्धा तास धर. व्हॅसलीन माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी