नऊ महिन्यांचा मुलगा सोफ्याला धरून उभा राहतो, पण त्याला खाली बसता येत नाही. त्याला सुरक्षितपणे उभे राहायला कसे शिकवावे? वॉकर घ्यावा का?

वॉकर घेऊ नका. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतला, कारण घरात कोणीतरी तो आणायचा आग्रह धरल्याशिवाय असा प्रश्न पडत नाही, आणि तो आग्रह मी सोसला आहे.

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना थोरल्या दिरांनी तिच्यासाठी चाकांचा गोल वॉकर आणला. ती रांगत होती, पण उभी राहत नव्हती, आणि जाऊबाईंचा मुलगा आठव्या महिन्यात उभा राहिला होता हे मला रोज ऐकवले जात होते. मी नको म्हटले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमची मुले काय पुस्तके वाचून वाढवली?" आमचे घर साताऱ्याकडचे, जुने, माजघरातून पडवीत जाताना दगडी उंबरठा आणि त्याखाली एक पायरी. आठ दिवस मुलगी घरभर पळत होती आणि सगळे कौतुकाने बघत होते. नवव्या दिवशी मी भाकरी थापत असताना चाक उंबरठ्याला अडले आणि ती वॉकरसकट पडवीत तोंडावर आपटली. तिला खालचे दोनच दात आले होते. त्यांनीच तिचा ओठ आतून फाटला. पिठाच्या हातांनीच मी तिला उचलले, आणि पांढऱ्या झबल्यावर पीठ आणि रक्त एकत्र झालेले मला आजही दिसते. संध्याकाळी मला सांगण्यात आले की मुले पडूनच मोठी होतात. त्यावर तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

ते आता देते. स्वतःच्या बळावर उभे राहिलेले मूल पडले तर बहुधा ढुंगणावर बसते. वॉकरमधल्या मुलाला मात्र त्याच्या ताकदीबाहेरचा वेग मिळतो, पायाखालचे दिसत नाही, अंगाचा भार बैठकीवर असतो आणि ते नुसत्या चवड्यांनी जमीन रेटते, त्यामुळे तोल सांभाळण्याचा सराव होतच नाही. कॅनडाने २००४ मध्येच अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. उशिराचे म्हणाल, तर दिल्लीतील मुलांचाही समावेश असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुले आधाराशिवाय उभी राहण्याचा काळ ६.९ ते १६.९ महिने असा आढळला आहे. म्हणजे माझ्या मुलीला उशीर झालेलाच नव्हता.

तुमच्या मुलाला बसता येत नाही, कारण उठणे आधी जमते आणि गुडघे वाकवून हळूहळू खाली येणे नंतर. तो रडला की लगेच उचलून घेऊ नका. एका हाताने कंबर धरा, दुसऱ्या हाताने गुडघ्यामागे हलकेच दाबून पाय वाकवा आणि त्याला खाली टेकवा. शिवाय आवडीचे खेळणे त्याच्या पायापाशी ठेवा, म्हणजे तो स्वतःच वाकू लागेल. दोन्ही हात वर ओढून त्याला उभे करू नका, आधार कमरेला द्या. घरात अनवाणीच राहू द्या, कारण फरशीवर मोजे घसरतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लोंबणारा टेबलक्लॉथ आणि टेबलावर नुसता ठेवलेला टीव्ही त्याच्या हाताच्या टप्प्यातून काढा. टांगलेला पाळणा तर आजच बंद करा, कारण धरून उभे राहणारे मूल त्याच्या कठड्यावरून बाहेर झुकते.

मूल वेळेआधी जन्मलेले असेल तर महिने डॉक्टरांनी आधी दिलेल्या, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. वर्षाचे होऊनही ते आधाराने उभे राहत नसेल, किंवा एकाच बाजूचा हात-पाय वापरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही. लाकडी पांगुळगाड्याला माझा विरोध नाही, पण तो मूल धरून चालू लागल्यावर, सपाट जागेत आणि कोणीतरी शेजारी असतानाच द्यावा.

आणि घरात वॉकरला नको म्हणायची वेळ आली, तर तुम्ही दोघांनी मिळून म्हणा. वॉकर घरात आला त्या दिवशी माझ्या पतींनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले. ते एक वाक्य जरी बोलले असते, तरी तो वॉकर खोक्याबाहेर निघाला नसता.