परीक्षकांसमोर षड्ज थरथरतो

प्रश्न : ताई, मी 19 वर्षांची आहे. घरी तासभर भूप राग गाते, पण परीक्षकांसमोर बसले की घसा कोरडा पडतो, हात गार होतात, षड्जच, म्हणजे मूळ ‘सा’च, थरथरतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, तुझा रियाज कमी पडत नाहीये. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. छाती धडधडते, तोंड सुकतं, श्वास वरवर चालतो. अशा उथळ श्वासावर षड्ज टिकणार कसा? म्हणून बसण्याआधी पाचेक मिनिटं चार मोजत श्वास घे, आठ मोजत सोड. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात.

गाण्यातल्या विशारद या पदवीच्या परीक्षेत मी अंतराच विसरले होते. घरी येऊन खूप रडले. गुरुजी एवढंच म्हणाले, ‘जिना चढून ये आणि लगेच गा.’ महिनाभर तीन मजले चढून, धापा टाकत मी यमन राग आळवला. छाती धडधडत असतानाही सूर लागतो, हे माझ्या गळ्याला त्या जिन्याने शिकवलं. तूही करून बघ.

रविवारी शेजारच्या दोघी-तिघींना समोर बसव. चुकलीस तरी थांबायचं नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. आणि परीक्षेत तानपुरा शक्यतो स्वतःच जुळव, तेवढ्यात कान सुरात शिरतो. पहिला आलाप मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ठेव. वरच्या सुरांची, तारसप्तकाची घाई नको.