कुत्र्याला एर्लिकिया, मग घरच्यांनी तपासणी करायची का?

प्रश्न : आमच्या ३० किलोच्या लॅब्रेडॉरला एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) निघाला. २८ दिवसांचं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू आहे. परवा मुलीच्या कानामागे गोचीड सापडली, ती काढली. सगळ्यांचं रक्त तपासावं का? मुलीला आधीच औषध द्यावं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही नको. एर्लिकिया चाटण्यातून, लाडातून येत नाही. मध्ये गोचीड लागते. बरं वाटत असताना केलेली तपासणी काहीच सांगत नाही, आणि नुसती चावली म्हणून डॉक्सी देत नाहीत. गोचीड काढल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, पुढचे १४ दिवस लक्ष ठेवा.

आपल्याकडे माणसांत खरी धास्ती इंडियन टिक टायफसची, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूच्या तापाची. ताप, जबर डोकेदुखी, काही दिवसांनी पुरळ, तेही तळहात-तळपायांपर्यंत. ताप आलाच, तर डॉक्टरांना गोचिडीचं आधी सांगा. नाहीतर पावसाळ्यात पुण्यातला प्रत्येक ताप डेंग्यूच्याच रांगेत जातो. त्याची वाइल-फेलिक्स ही रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून रिपोर्टसाठी न थांबता संशयावरच उपचार सुरू करतात. कुत्र्याच्या गोळ्या मात्र मुलीला देऊ नका.

पुन्हा गोचीड दिसली, तर टोकदार चिमटा कातडीला टेकवून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल नको, पेटती काडी नको, नखावर चिरडणं तर नकोच, स्पिरिटमध्ये टाका.

आता घराकडे बघा, कारण ही तपकिरी गोचीड घरातच वाढते. रक्त पिऊन टम्म झालेली राखाडी मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि चौकटीच्या फटीत हजारो अंडी घालते. टेकडीवर फिरायला नेणं बंद करून म्हणूनच फारसं साधत नाही. फटींवर व्हॅक्यूम फिरवा, मग पुट्टीने बुजवा. कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला कडक पाण्यात धुवा. फ्लुरालानेरची गोळी वजनानुसार, दर १२ आठवड्यांनी. तिने गोचीड मरते, पण चावल्यावर. आणि एर्लिकिया शिरायला काही तास पुरतात. तेव्हा रोज कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपाच. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन या गोचीडनाशकाला हात लावू नका, तिच्यासाठी ते विष आहे.

कुत्र्याला डॉक्सी साधारण किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला ३००. जेवणासोबत द्या, दुधातून नाही. दोन-तीन दिवसांत तो उड्या मारू लागेल, तरी गोळ्या थांबवू नका. अँटीबॉडीचं किट पुढे कित्येक महिने पॉझिटिव्हच दाखवतं, त्यामुळे ते पुन्हा करून पैसे घालवू नका, प्लेटलेट मोजा. तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर बबेसियासाठी रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. बबेसिया जिवाणू नव्हे, एकपेशीय परजीवी. एकट्या डॉक्सीला दाद देत नाही.