जुना व्यावसायिक डुप्लेक्सर २ मीटरच्या हॅम रिपीटरला चालेल का?

चालेल, पण कोणता ते आधी बघा. (रिपीटर म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे संदेश घेऊन लगेच पुढे पाठवणारं केंद्र; डुप्लेक्सर म्हणजे त्याला एकाच अँटेनावर एकाच वेळी घेऊ आणि पाठवू देणारा फिल्टर.) गाडीतल्या सेटसाठीचा चपटा, सहा कप्प्यांचा नॉच (एकच अरुंद फ्रिक्वेन्सी अडवणारा) डुप्लेक्सर पाठवण्याच्या आणि घेण्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या साधारण ५ मेगाहर्ट्झ अंतरासाठी बनवलेला असतो. आपलं अंतर ६०० किलोहर्ट्झ. तिथे तो कितीही पिळला तरी पुरेसं आयसोलेशन (ट्रान्समीटर रिसीव्हरपासून वेगळा ठेवणं) देत नाही, त्यामुळे फुकट मिळाला तरी नको.

१५५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे मोठे बँडपास-बँडरिजेक्ट कॅन (एक फ्रिक्वेन्सी सोडणारे आणि दुसरी अडवणारे धातूचे डबे) मिळाले तर घ्या. ट्यूनिंग रॉड आत ढकलला की फ्रिक्वेन्सी १४५ पर्यंत, म्हणजे २ मीटर बँडवर, उतरते. लोक विसरतात त्या कॅन एकमेकांना जोडणाऱ्या केबली: आरजी-२१४ या कोॲक्स केबलमध्ये पाव तरंगलांबी १५५ ला सुमारे ३२ सेंमी, १४५ ला ३४. कनेक्टर आणि कॅनमधल्या जोडणीच्या लूपची लांबी यातच धरायची, म्हणून मूळ केबल मोजून त्याच प्रमाणात वाढवा.

प्रत्येक कॅन सुटा करून ट्यून करा: ट्रान्समिट बाजूचे नॉच रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर, रिसीव्ह बाजूचे ट्रान्समिटवर. पूर्ण साखळीचं ८०-९० डीबी आयसोलेशन नॅनोव्हीएनएला (फिल्टर मोजायचं स्वस्त, छोटं उपकरण) दिसतच नाही, ते नॉइजमध्ये बुडतं. लॉकनट आवळताना नॉच हमखास सरकतो. आवळल्यावर परत बघा. मोजताना मोकळ्या पोर्टला ५० ओहमचा लोड हवाच.